हीट पंप आणि गॅस फर्नेस एकाच घरात: थर्मोस्टॅटमध्ये नेमके कोणते आकडे भरायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फिलाडेल्फियाजवळच्या एक्स्टनमध्ये दुमजली घर. ऑक्टोबरमध्ये जुना एसी काढून ३ टनांचा सिंगल स्टेज (एकाच वेगाने चालणारा) हीट पंप, म्हणजे हिवाळ्यात उलटा चालून घर गरम करणारा एसी, बसवला आणि तळघरातली ताशी ८०,००० बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचं माप), ९५ टक्के कार्यक्षमतेची गॅस फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, तशीच ठेवली. इकोबी कंपनीचा थर्मोस्टॅट आधीपासूनचा होता, बसवणाऱ्यांनी फक्त तारा बदलून दिल्या. हिवाळा सरत आला तरी गॅसचं बिल फारसं उतरलं नाही, विजेचं मात्र चढलं. बाहेर ४५ अंश फॅरेनहाइट असतानाही सकाळी पडद्यावर ऑक्झिलरी हीट (सहाय्यक उष्णता, इथे गॅस फर्नेस) दिसते. दोनदा बाहेरचं युनिट पूर्ण बंद पडलं आणि तंत्रज्ञ रीसेट करून गेला. आता थर्मोस्टॅट बदलायचा का, आणि गॅसवर जाण्यासाठी कोणतं तापमान लावायचं?

थर्मोस्टॅट बदलू नका. तुमच्याकडे आहे तो हे काम नीट करतो. अडचण अशी की दोन गोष्टी त्याला आपण सांगितल्याशिवाय कळत नाहीत: तुमच्या गॅसचा आणि विजेचा दर, आणि हीट पंपाची आतली कॉइल फर्नेसच्या वर बसली आहे ही बाब. पहिली न सांगितल्यामुळे बिल वाढतं. दुसरी न सांगितल्यामुळे मशीन बंद पडतं. तुमच्याकडे दोन्ही झालेलं दिसतं.

बंद पडलेल्या युनिटपासून सुरुवात करू, कारण ते तातडीचं आहे. तुमच्या घरातली हवा परतीच्या डक्टमधून येते, फिल्टरमधून जाते, ब्लोअर तिला फर्नेसच्या हीट एक्स्चेंजरवरून ढकलतो आणि मग ती कॉइलवर पोचते. उन्हाळ्यात ही कॉइल थंड असते. हिवाळ्यात तीच कॉइल गरम होऊन आपली उष्णता हवेला देते, आणि त्यासाठी तिच्यावर येणारी हवा ७० अंशांच्या आसपास असावी लागते. त्याच वेळी खाली फर्नेस पेटली असेल तर तिच्यावर ११०-१२० अंशांची हवा येते. रेफ्रिजरंटला आपली उष्णता सोडायला जागाच उरत नाही, दाब चढत जातो आणि हाय प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. असं लागोपाठ काही वेळा झालं की बाहेरचा बोर्ड लॉकआउटमध्ये जातो, म्हणजे यंत्र बंदच ठेवतो. रीसेट केल्यावर चालू होतो, पण कारण जागच्या जागीच राहतं.

ज्या घरांत गॅस नसतो तिथे एअर हँडलरमधल्या (ब्लोअर आणि कॉइलच्या पेटीतल्या) इलेक्ट्रिक स्ट्रिप, म्हणजे विजेवर तापणाऱ्या पट्ट्या, कॉइलच्या पुढे, म्हणजे हवा कॉइलवरून गेल्यानंतर लागतात. तिथे हीट पंप आणि स्ट्रिप एकत्र चालल्या तरी काही बिघडत नाही, उलट तसंच चालणं अपेक्षित असतं. अमेरिकेत अशी घरं भरपूर असल्याने थर्मोस्टॅटमधली ऑक्झिलरी ही कल्पनाच मुळात त्या घरांसाठी घडली आहे. बसवणारा नुसतं ‘हीट पंप, ऑक्झिलरी आहे’ एवढंच सांगून पुढे गेल्यास थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर चालू ठेवूनच फर्नेस पेटवू शकतो.

म्हणून आधी इन्स्टॉलेशन सेटिंग्जमधल्या उपकरणांच्या भागात जा. मेनूतली नावं सॉफ्टवेअरच्या आवृत्तीनुसार थोडी बदलतात, पण तीन गोष्टी शोधायच्या आहेत. एक, सहाय्यक उष्णतेचा प्रकार फर्नेस आहे ना. दोन, हीट पंपाबरोबर ऑक्झिलरी चालू द्यायची का, याचं उत्तर ‘नाही’ असलं पाहिजे. तीन, ओ/बी तारेची दिशा. कॅरियर, ट्रेन, लेनॉक्स, गुडमन यांच्या यंत्रांत रिव्हर्सिंग व्हॉल्व्हला (गरम-थंड अशी दिशा बदलणाऱ्या झडपेला) थंड करताना वीज मिळते, म्हणजे ‘ओ’. रीम आणि रूड यांच्यात गरम करताना मिळते, म्हणजे ‘बी’. ही दिशा चुकली तर गरम मागितल्यावर गार हवा येते, खोलीचं तापमान पडतं आणि थर्मोस्टॅट नाइलाजाने गॅस पेटवतो. पडद्यावरून हे ओळखू येत नाही. जाळीपुढे हात धरला की लगेच कळतं.

थर्मोस्टॅटपासून फर्नेसपर्यंत किमान ६ तारा लागतात: आर आणि सी (वीज), वाय (कॉम्प्रेसर), जी (पंखा), ओ/बी (गरम-थंडची दिशा) आणि डब्ल्यू (फर्नेस). फर्नेस दोन टप्प्यांची असेल आणि दुसरा टप्पा थर्मोस्टॅटनेच चालवायचा असेल तर सातवी. तुमचा जुना सेटअप नुसत्या एसीचा होता, म्हणजे भिंतीत बहुधा पाचच तारांची केबल आहे. मग बसवणाऱ्याने काय केलं हे बघणं गरजेचं. पंख्याची ‘जी’ तार काढून तिथे ओ/बी जोडली असेल तर गरम-थंड चालेल, पण नुसता पंखा लावता येणार नाही. सी तार काढली असेल तर मात्र थर्मोस्टॅटला पुरेशी वीज मिळत नाही आणि तो अधूनमधून रीस्टार्ट होत राहतो. तार कमी पडल्यावर वापरायचे अडॅप्टर मुख्यतः साध्या चार तारांच्या फर्नेस-एसीसाठी बनवलेले असतात. ड्युअल फ्युएलमध्ये, म्हणजे तुमच्यासारख्या हीट पंप अधिक गॅसच्या जोडीत, त्यांच्या भरवशावर राहू नका. १८ गेजची ८ तारांची नवी केबल ओढून घ्या. तळघरातून वर एका मजल्यावर ओढायची असेल तर फार मोठं काम नाही, आणि पुढे दोन टप्प्यांचं काही बसवलं तरी तीच केबल पुरते.

तारांना हात लावण्याआधी फर्नेसचा स्विच आणि बाहेरच्या युनिटचा ब्रेकर दोन्ही बंद करा आणि दोन्ही टोकांचे फोटो काढा. आर तार चुकून सीला टेकली तर फर्नेसच्या बोर्डवरचा फ्यूज जातो. तो गाड्यांमध्ये असतो तसाच पात्यांचा असतो, ३ अँपिअरचा जांभळा किंवा ५ अँपिअरचा फिकट तपकिरी. बोर्डवर जो आकडा छापला आहे तोच घाला, मोठा घालू नका. घरात जुन्या काळचं ‘फॉसिल फ्युएल किट’ नावाचं, हीट पंप आणि फर्नेस यांची अदलाबदल करणारं डबडं फर्नेसजवळ लावलेलं असेल तर ते काम थर्मोस्टॅट करणार की किट, हे एकदा ठरवा. दोघांनी एकाच वेळी अदलाबदल करायला घेतली की लक्षणं इतकी विचित्र होतात की कोणालाच उलगडत नाहीत. तुमचं यंत्र २०२५ नंतरच्या नव्या रेफ्रिजरंटचं, म्हणजे आर-४५४बी किंवा आर-३२ चं असेल तर तारा गळती ओळखणाऱ्या एका छोट्या बोर्डमधून जात असतील. त्या बोर्डला बगल देऊन थेट जोडणी करू नका; ती सुरक्षेची सोय आहे.

आता मुख्य आकडा. गॅसवर कधी जायचं हे दोन वेगवेगळ्या प्रश्नांवर ठरतं: कोणत्या तापमानापर्यंत हीट पंप स्वस्त पडतो, आणि कोणत्या तापमानापर्यंत तो एकटा घर गरम ठेवू शकतो. लोक या दोन्हींची सरमिसळ करतात. बसवणारे बहुतेक वेळा ४० किंवा ३५ असा ठोकळ आकडा घालून निघून जातात. तो आकडा तुमच्या घरासाठी बरोबर असेलही, पण बिल बघितल्याशिवाय ते सांगता येत नाही.

पैशाचा हिशेब आधी करू. गॅस आणि वीज एकाच मापात आणायची. वीज किलोवॉट-तासात येते, म्हणजे आपण भारतात ज्याला युनिट म्हणतो तेच. एक थर्म गॅस म्हणजे १,००,००० बीटीयू, म्हणजे २९.३ युनिट. बिलात १०० घनफुटांचं माप असेल तर त्याचे साधारण १.०३ थर्म होतात. दर काढताना पुरवठा आणि वितरण असे युनिटवर लागणारे सगळे आकार मिळवा, पण दरमहा ठरलेला स्थिर आकार सोडून द्या, कारण तो गॅस एक थर्म जाळा की शंभर, तेवढाच असतो. तुम्ही लिहिलेले दर विजेला १६ सेंट आणि गॅसला थर्ममागे १.४५ डॉलर असे आहेत. फर्नेस ९५ टक्के उष्णता घरात देते. म्हणजे १.४५ भागिले (२९.३ गुणिले ०.९५), उत्तर ५.२ सेंट. गॅसची एक युनिट उष्णता तुम्हाला ५.२ सेंटला पडते.

विजेची युनिट १६ सेंटला. १६ भागिले ५.२ म्हणजे ३.०७. याचा अर्थ एक युनिट वीज घेऊन हीट पंप ३.०७ युनिटपेक्षा जास्त उष्णता देत असेल तोवर तो स्वस्त. त्याखाली गेला की गॅस स्वस्त. या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. बाहेर थंडी वाढते तसा तो उतरतो. तुमच्या मॉडेलचे आकडे निर्मात्याच्या तांत्रिक पत्रकात मिळतील. थंड हवामानाच्या यंत्रांसाठी एनईईपी या संस्थेच्या यादीत ४७, १७ आणि ५ अंशांचे सीओपी दिलेले असतात. आपण उदाहरणासाठी ४७ अंशांना ३.६ आणि १७ अंशांना २.४ धरू, साध्या सिंगल स्टेज यंत्राचे असेच काहीसे असतात. दोन बिंदूंमधून सरळ रेष काढली की अंशाला ०.०४ चा उतार येतो, आणि ३.०७ हा सीओपी ३४ अंशांच्या जवळपास सापडतो.

हा आकडा दरांच्या बाबतीत फार हळवा आहे, ते लक्षात असू द्या. वीज १६ ऐवजी २० सेंट झाली तर लागणारा सीओपी ३.८४ होतो आणि तुमचं यंत्र ४७ अंशांनाही तिथे पोचत नाही. मग केवळ पैशाच्या दृष्टीने सगळा हिवाळा गॅसच बरा. उलट फर्नेस जुनी ८० टक्क्यांची असती तर २.५९ सीओपी पुरला असता आणि हीट पंप २२ अंशांपर्यंत फायद्यात राहिला असता. गावाकडे प्रोपेनवर असलेल्यांसाठी तर चित्रच वेगळं असतं. एक गॅलन प्रोपेन ९१,५०० बीटीयू देतो, २.८० डॉलर गॅलनने ९५ टक्क्यांच्या फर्नेसमधली युनिट ११ सेंटला पडते. तिथे १.४५ सीओपी पुरतो, म्हणजे हीट पंप जमेल तितक्या खाली चालवायचा. म्हणून शेजाऱ्याचा आकडा उचलू नका, अगदी त्याचं यंत्र तुमच्यासारखंच असलं तरी. टोरोंटोकडच्या वाचकांनी हाच हिशेब घनमीटरमध्ये करावा, एक घनमीटर म्हणजे साधारण १०.५ युनिट. तिथे विजेचे दर वेळेनुसार बदलणारे असतील तर दिवसाच्या स्वस्त आणि महाग तासांचे दोन वेगळे आकडे निघतात. बहुतेक थर्मोस्टॅटला एकच भरता येतो, तेव्हा हीट पंप सगळ्यात जास्त ज्या वेळी चालतो त्या वेळचा दर धरा.

दुसरा प्रश्न ताकदीचा. यासाठी घराची उष्णतेची गरज कळायला हवी, आणि ती मोजायची सोय तुमच्याकडे आधीच आहे. इकोबी संकेतस्थळावरून पाच-पाच मिनिटांची नोंद फाइलमध्ये उतरवता येते. वारा नसलेली, बाहेर २० अंशांच्या आसपास स्थिरावलेली एक रात्र निवडा, त्या रात्री फक्त फर्नेस चालवा आणि मध्यरात्र ते पहाट यांत तासाला ती सरासरी किती मिनिटं चालली ते बघा. घरातलं तापमान त्या काळात बदलायला नको, म्हणजे रात्रीचं सेटबॅक (झोपताना तापमान उतरवणं) बंद. समजा २८ मिनिटं आली. तुमची फर्नेस ८०,००० च्या ९५ टक्के म्हणजे ७६,००० बीटीयू देते. ७६,००० गुणिले २८ भागिले ६०, उत्तर साधारण ३५,५००. माणसं, फ्रिज, ऊन यांच्यामुळे ६५ अंशांच्या वर बहुतेक घरांना हीटिंग लागत नाही, म्हणून ६५ वजा २० म्हणजे ४५ ने भागा. तुमचं घर तासाला दर अंशामागे साधारण ८०० बीटीयू गमावतं. ही पद्धत एकाच टप्प्याच्या फर्नेसला लागू पडते. दोन टप्प्यांची किंवा मॉड्युलेटिंग असेल तर नुसत्या मिनिटांवरून उष्णता कळत नाही.

३ टनांचा साधा हीट पंप ४७ अंशांना ३४,००० आणि १७ अंशांना २१,००० बीटीयूच्या आसपास देतो. नेमके आकडे तुमच्या यंत्राच्या एएचआरआय (क्षमता प्रमाणित करणारी संस्था) प्रमाणपत्रावर असतात. ३१ अंशांना घराची गरज २७,२०० आणि पंपाची ताकदही २७,००० च्या जवळ. म्हणजे त्याखाली तो सतत चालूनही कमी पडत जाईल.

तुमच्या बाबतीत पैशाचा बिंदू ३४ आणि ताकदीचा ३१, दोन्ही जवळ आले. शिवाय कागदावरच्या सरळ रेषेत डीफ्रॉस्टचा, म्हणजे बाहेरच्या कॉइलवरचा बर्फ वितळवण्याचा, खर्च पूर्ण येत नाही. तापमान ४० ते २५ च्या दरम्यान आणि हवेत ओल असेल तेव्हा बाहेरच्या कॉइलवर बर्फ सर्वांत जास्त धरतो, आणि तुमच्याकडच्या डिसेंबर-जानेवारीत हेच हवामान असतं. म्हणून मी ३५ लावेन. एखाद-दुसरा अंश इकडेतिकडे झाला तर बिलात फरक दिसणारही नाही, त्यावर रात्री जागवू नका. पैशाचा बिंदू ताकदीच्या बिंदूपेक्षा बराच खाली आला, जसा ८० टक्क्यांच्या फर्नेसमध्ये येतो, तर मात्र विचार करावा लागतो. तिथे पंप सतत चालेल, घर हळूहळू दोन-तीन अंश गार होईल, फर्नेस पेटून ते भरून काढेल आणि पुन्हा पंप घेईल. पैसे वाचतात, पण तापमान असं वरखाली झालेलं घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर चालत नाही.

आता हे आकडे भरायचे कुठे. इकोबीत थ्रेशोल्ड्स नावाचा भाग आहे. स्टेजिंग आपोआप ठेवलं असेल तर आधी ते मॅन्युअल करा, नाहीतर यातले काही पर्याय दिसतच नाहीत.

कॉम्प्रेसरचं किमान बाहेरचं तापमान: ३५. याखाली हीट पंप सुरूच होणार नाही, फक्त फर्नेस.

ऑक्झिलरीचं कमाल बाहेरचं तापमान: ४०. याच्यावर गॅस पेटणार नाही. तुमची ४५ अंशांची सकाळची तक्रार इथेच मिटते. हा आकडा कॉम्प्रेसरच्या किमान तापमानापेक्षा कधीही कमी ठेवू नका. पहिला ३५ आणि दुसरा ३० ठेवला तर ३० आणि ३५ च्या मध्ये दोघांनाही मनाई होते आणि घर गार पडतं.

कॉम्प्रेसर ते ऑक्झिलरी फरक: ३ अंश. खोली ठरवलेल्या तापमानापासून इतकी मागे पडली तरच गॅसचा विचार व्हावा.

कॉम्प्रेसर ते ऑक्झिलरी वेळ: मेनूत मिळेल ती सगळ्यात मोठी. ताकदीच्या बिंदूच्या आसपास हीट पंप तासन्‌तास न थांबता चालणं हे चांगलं लक्षण आहे. वेळ संपली म्हणून गॅस पेटला तर आपण सगळा हिशेब केला तो वाया.

रिव्हर्स स्टेजिंग: बंद. यात फर्नेस शेवटचा अर्धा-एक अंश कॉम्प्रेसरवर सोपवते. इलेक्ट्रिक स्ट्रिपसाठी ही छान सोय आहे, पण आपल्याकडे कॉइल तेव्हा भट्टीच्या हवेने तापलेली असते आणि पंपाला चढ्या दाबावर सुरू व्हावं लागतं.

कॉम्प्रेसरची किमान विश्रांती ३०० सेकंदच ठेवा. फर्नेस पेटली की किमान ५ ते १० मिनिटं चालू द्या. सारखी पेटून विझणारी फर्नेस इग्नायटर लवकर खाते.

ऑक्झिलरीला ४० ची मर्यादा घातल्यावर एक धोका राहतो. बाहेर ४५ अंश असताना हीट पंप बिघडला तर फर्नेस आपणहून मदतीला येणार नाही. म्हणून घरातलं तापमान ६० च्या खाली गेलं की फोनवर इशारा येईल अशी सूचना चालू करा, आणि इमर्जन्सी हीट (फक्त फर्नेस चालवण्याची सोय) एकदा हाताने लावून फर्नेस पेटते का हे बघून ठेवा. भारतात दोन-तीन आठवडे जाणार असाल तर निघण्याआधी ही मर्यादा ५५ पर्यंत वर न्या. रिकाम्या घरात थोडा गॅस जास्त जळणं पाइप गोठण्यापेक्षा बरं.

नेस्टच्या ज्या मॉडेलांत ड्युअल फ्युएलची सोय आहे किंवा हनीवेलच्या थर्मोस्टॅटमध्ये नावं वेगळी असतात, पण शोधायचं तेच: दोन्ही एकत्र चालायला मनाई, बदलाचं तापमान, आणि किती फरकावर गॅस. बाहेरचं तापमान कळण्याची पद्धत मात्र बघून घ्या. वाय-फायवरचे थर्मोस्टॅट ते इंटरनेटवरच्या हवामानातून घेतात, आणि तुमचं घर दरीत किंवा टेकडीवर असेल तर त्यात सहज दोन-चार अंशांचा फरक पडतो. उत्तरेच्या भिंतीवर साधा थर्मामीटर लावून आठवडाभर ताडून बघा आणि तेवढ्याने आकडा सरकवा. तारेचा बाहेरचा सेन्सर घेणारा थर्मोस्टॅट असेल तर तो सेन्सर उन्हात किंवा बाहेरच्या युनिटच्या पंख्यासमोर लावू नका.

सकाळच्या ऑक्झिलरीचं दुसरं कारण तुमचं वेळापत्रक आहे. रात्री ६२ आणि सकाळी ६ वाजता ७०, असं तुम्ही लिहिलंय. ही सवय फर्नेसच्या काळातली. फर्नेस ७६,००० बीटीयू ओतून ८ अंश पाऊण-एक तासात चढवते. हीट पंपाकडे ४५ अंशांना घराची गरज भागवून फार तर १७,००० बीटीयू शिल्लक राहतात, आणि भिंती, फरशी, फर्निचर सगळंच गार झालेलं असतं. तासाला एक-दोन अंशांहून जास्त चढत नाही. थर्मोस्टॅटला समोर ८ अंशांची दरी दिसते, ती ३ पेक्षा जास्त आहे, म्हणून तो गॅस पेटवतो. रात्री ६७ आणि दिवसा ६९ किंवा ७० ठेवा, आणि स्मार्ट रिकव्हरी चालू ठेवा म्हणजे तो वेळेआधी हळूहळू चढवायला लागेल. कडाक्याच्या आठवड्यात, जेव्हा सगळं काम फर्नेसच करते, तेव्हा रात्री ६२ करायला काही हरकत नाही. तिथे सेटबॅकने खरोखर गॅस वाचतो.

दुरून लावलेले सेन्सरही तपासा. गॅरेजवरची खोली सरासरीत धरली असेल तर ती नेहमीच तीन अंश मागे असणार आणि थर्मोस्टॅट तिच्यासाठी गॅस जाळणार. ती खोली कम्फर्ट सेटिंगमधून काढा; तिचं दुखणं इन्सुलेशनचं किंवा डक्टचं असतं. ईको प्लससारख्या सोयी, ज्या वीज महाग असलेल्या वेळेआधी घर तापवून ठेवतात, त्याही पहिले दोन आठवडे बंद ठेवा म्हणजे आपण बदललेल्या आकड्यांचा परिणाम स्वच्छ दिसेल.

‘हवा कोमट येते’ हे तुम्ही दोष म्हणून लिहिलंय. हीट पंपाची हवा ८५ ते १०० अंशांची असते, हाताला ती कोमटच लागणार. फर्नेसची ११० च्या वर असते. खोलीचं तापमान टिकत असेल तर कोमट हवा ठीक आहे. तरी हवेचा प्रवाह तपासून घ्या: ३ टनांना मिनिटाला १,०५० ते १,२०० घनफूट हवा लागते, आणि जुन्या एसीसाठी ब्लोअरचा वेग कमी ठेवलेला असू शकतो. एक इंची दाट फिल्टर कोंदला की हीट पंपाचा दाब चढतो आणि तोच हाय प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. म्हणजे तुमचं युनिट बंद पडण्यामागे हेही एक कारण असू शकतं. हिवाळ्यात फिल्टर दर महिन्याला काढून बघा.

बदल केल्यावर चाचणी अशी घ्या. बाहेर ४० च्या वर असताना दोन अंश वाढवून मागा. बाहेरचा पंखा आणि कॉम्प्रेसर सुरू व्हायला हवेत, जाड तांब्याची नळी गरम लागायला हवी. १५ मिनिटांनी परतीच्या जाळीत आणि कॉइलपुढच्या डक्टमध्ये स्वयंपाकघरातला प्रोब थर्मामीटर घाला. १५ ते २५ अंशांचा फरक अपेक्षित आहे. मग इमर्जन्सी हीट हाताने लावा. एका मिनिटाच्या आत बाहेरचं युनिट थांबलं पाहिजे आणि फर्नेसचा बर्नर पेटला पाहिजे. इथला फरक फर्नेसच्या पाटीवर छापलेल्या मर्यादेत हवा. फर्नेस जळत असताना बाहेरचा कॉम्प्रेसर घुमत राहिला तर लगेच बंद करा. दोघांना एकत्र चालू न देण्याची सेटिंग लागलेली नाही किंवा तारा चुकल्या आहेत.

याला एक अपवाद आहे, आणि तो माहीत नसला की लोक घाबरून तंत्रज्ञाला बोलावतात. डीफ्रॉस्टमध्ये हीट पंप काही मिनिटं उलटा, म्हणजे एसीसारखा चालतो. बाहेरचा पंखा थांबतो, कॉम्प्रेसर चालू असतो, युनिटमधून वाफ उठते. या वेळी आतली कॉइल थंड असते, म्हणून बाहेरचा बोर्ड स्वतःच डब्ल्यू तारेवरून फर्नेसला पेटवतो, म्हणजे घरात गार हवा येऊ नये. हे दहा मिनिटांच्या आत संपतं आणि योग्य आहे. डीफ्रॉस्टच्या वेळी जाळीतून बोचरी गार हवा येत असेल तर बाहेरच्या युनिटची डब्ल्यू तार फर्नेसच्या डब्ल्यूला जोडायची राहिली आहे. कोरड्या दिवशीही दर अर्ध्या तासाला डीफ्रॉस्ट होत असेल तर बोर्डवरचा वेळेचा जंपर किंवा कॉइलचा सेन्सर तपासायला सांगा.

इन्व्हर्टर हीट पंप आणि निर्मात्याचा स्वतःचा कम्युनिकेटिंग थर्मोस्टॅट ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो काढून बाजारातला स्मार्ट थर्मोस्टॅट लावू नये. काही यंत्रं २४ व्होल्टच्या साध्या तारांवर चालतच नाहीत, आणि जी चालतात त्यातली बरीचशी वेग कमी-जास्त करण्याची क्षमता गमावतात, ज्यासाठी तुम्ही जास्त पैसे मोजलेले असतात. बदलाचं तापमान त्यांच्याही मेनूत असतं, हिशेब वरचाच.

फर्नेस आता वर्षातले थोडेच दिवस चालेल, तरी तिची वार्षिक तपासणी आणि झोपण्याच्या मजल्यावरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म सोडू नका. आणि दोनदा लॉकआउट झालेल्या युनिटचा रेफ्रिजरंट चार्ज हिवाळ्यातल्या पद्धतीने एकदा मोजून घ्या. ते काम परवानाधारक माणसाचंच.

हे सगळं लावल्यावर दोन आठवड्यांची नोंद उतरवा आणि ४० अंशांच्या वर ऑक्झिलरीचं एक मिनिटही दिसतंय का ते बघा. दिसलं तर आधी तो डीफ्रॉस्ट नव्हता ना याची खात्री करा. मग ती वेळ, बाहेरचं तापमान, आणि त्या क्षणी मागितलेलं व प्रत्यक्ष असलेलं तापमान हे चार आकडे इथे लिहा.